हृदय आधी की पाय आधी? (दोन्हीकडे ब्लॉकेज)

सावकाश_जा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतोय, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वडील ६८ वर्षांचे. डायबिटीस २० वर्षं जुना, सिगरेट १० वर्षांपूर्वी सोडली (म्हणजे आई समोर असताना सोडली). गेलं वर्षभर शंभर-दीडशे पावलं चालले की डावी पोटरी भरून यायची, थांबले की पाच मिनिटांत मोकळी. आम्ही घरच्यांनी बसून निदान करून टाकलं की वय झालं. मग चप्पल घासून डाव्या अंगठ्याला जखम झाली, ती दीड महिना झाला तरी भरेना, आणि आता रात्री पाय इतका ठणकतो की पलंगावरून खाली लोंबकळत सोडतात तेव्हा कुठे डोळा लागतो. डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केला तर मांडीतली धमनी बंद. पायाच्या ऑपरेशनआधी हृदय बघून घेऊ म्हणून इको, मग अँजिओग्राफी, तर तिथे तीन ब्लॉकेज! छातीत आयुष्यात कधी दुखलेलं नाही.

आता हृदयाचे सर्जन म्हणतात आधी बायपास, पायाचं मागून बघू. पायाचे सर्जन म्हणतात जखम थांबायची नाही, अंगठा जाईल, आधी पाय. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात एकाच भुलीत दोन्ही उरका. तिघांचं ऐकून बाबा म्हणाले, तुमचं ठरलं की मला कळवा.

कोणाच्या घरी असं दोन्ही झालंय का? आधी काय केलं?

भिंगरी७

वाचतेय. बाबांना बरं वाटो लवकर.

पोलादी_पंप

यात विचार कसला करायचा. हृदय आधी. पंपच बंद पडला तर नळ दुरुस्त करून काय उपयोग?

जुना_खेळाडू

सावकाश, मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. माझं आधी पायाचं झालं होतं, उजव्या मांडीतून गुडघ्याखालपर्यंत बायपास, माझीच शीर काढून. तेव्हा स्ट्रेस टेस्ट करायला ट्रेडमिलवर उभं केलं तर दोन मिनिटांत पोटरी वळली, उतरवलं, रिपोर्टवर लिहिलं की टेस्ट अपुरी. झालं, अपुरी म्हणजे ठीकच असं आम्ही समजलो. पाय झकास झाला, तीन महिन्यांनी मी चढ चढायला लागलो आणि छाती आवळायला लागली. म्हणजे पाय मला इतकं चालूच देत नव्हता की हृदयाला तक्रार करायची वेळ यावी. पाय सुधारला आणि हृदयाचं पितळ उघडं पडलं.

त्यामुळे छातीत कधी दुखलं नाही यावर जाऊ नका. त्यात डायबिटीस, नसा बधिर झालेल्या असतात, कित्येकांना अटॅक येऊन गेलेला कळतसुद्धा नाही.

भूल_देणारी

मी भूलतज्ज्ञ आहे, या दोन्ही प्रकारच्या ऑपरेशनना उभी राहते. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण बाबांच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगू शकते.

आधी हे की दोन आजार नाहीत, आजार एकच आहे, दोन ठिकाणी दिसतोय. १९८४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने पाय, मान, पोटातल्या रक्तवाहिन्यांच्या १००० पेशंटची हृदयाची अँजिओग्राफी केली होती, त्यात हृदयाच्या धमन्या पूर्ण स्वच्छ असलेले फक्त ८ टक्के निघाले, आणि साधारण २५ टक्के लोकांना ऑपरेशन करण्याजोगा गंभीर आजार होता. म्हणून बाबांची अँजिओग्राफी केली त्यात नवल नाही, तीन ब्लॉकेज निघाले त्यातही नाही.

पोलादी_पंप, तुमचं म्हणणं ऐकायला बिनतोड आहे आणि एके काळी बरेच डॉक्टरही तसंच धरून चालायचे. मग २००४ ला कार्प नावाची ट्रायल आली, ५१० पेशंट, सगळ्यांचं पायाचं किंवा पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन ठरलेलं आणि सगळ्यांच्या हृदयात ब्लॉकेज. अर्ध्यांचं आधी हृदय दुरुस्त केलं, अर्ध्यांना नुसती औषधं देऊन थेट ठरलेलं ऑपरेशन. अडीच-पावणेतीन वर्षांनी मोजलं तर मृत्यू एकीकडे २२ टक्के आणि दुसरीकडे २३. शिवाय हृदय आधी केलं त्यांचं मूळ ऑपरेशन लांबलं ते वेगळंच. पण नीट ऐका, त्या ट्रायलमध्ये हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असलेले किंवा पंपिंग फारच खालावलेले लोक घेतलेच नव्हते. त्यांना हे लागू करू नका.

तेव्हा विचारा: डावी मुख्य धमनी कशी आहे? पंपिंग किती? बसल्या जागी किंवा झोपेत दम लागतो का? जखमेत पू, वास, लाली आहे का? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती? आणि कृपा करून दोन्ही हातांचं बीपी घ्या. एका नाही, दोन्ही.

नाव_नको_राव

आयडी वाचून क्षणभर वाटलं कोणी फसवायला आलंय. भूल देणारी म्हणे.

भूल_देणारी

@नाव_नको_राव, रोज ऐकते. त्यातले बरेच वाक्य पुरं व्हायच्या आत झोपतात.

पोलादी_पंप

बरं, ट्रायल मान्य. पण तीन ब्लॉकेज ठेवून माणसाला टेबलावर घ्यायचं म्हणजे छातीत धडकी भरते हो.

तेरेसा_नव्हे_तेरडा

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांचं सांगते, कारण यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. शीर. हृदयाच्या बायपासला पायातली लांब शीर काढतात आणि पायाच्या बायपासलाही तीच लागते. शीर एक, गिऱ्हाईकं दोन. त्यांचं हृदय आधी झालं आणि शीर काढली कुठून तर ज्या पायाचं रक्त आधीच कमी होतं त्याच पायातून, घोट्यापासून वरपर्यंत लांब चीर. छाती दहा दिवसांत सुकली. पाय तीन महिने. रोज ड्रेसिंग, टाके उसवले, एक वेळ अशी आली की पाय कापावा लागतो की काय. आणि मग पायाचा बायपास करायचा म्हटलं तर बऱ्या पायातली शीर बारीक आणि गाठाळ, हाताच्या शिरा सुया टोचून टोचून गेलेल्या. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, भांडून झालंय. पण ऑपरेशनआधी कोणी पायाचा पुरवठा मोजलाच नव्हता हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

म्हणून सांगते, दोन्ही सर्जनना एका खोलीत बसवा आणि शीर कोण कुठून घेणार ते विचारा.

रात्रपाळी

+१ तेरडाताई. सर्जरी रेसिडेंट आहे. शिरांचा सोनोग्राफी मॅप करून मिळतो, कुठे किती जाड, सगळं त्वचेवर मार्करने काढतात. ज्या पायात जखम किंवा ब्लॉक आहे त्यातून सहसा घेत नाही, आणि आता छोट्या चिरा देऊन दुर्बिणीनेही शीर काढता येते, जखमेचा त्रास कमी होतो.

पायाचा पुरवठा मोजायला एबीआय, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी. ०.९ च्या खाली आलं तर आजार. पण डायबिटीसवाल्यांच्या धमन्यांत चुना भरून त्या दाबल्याच जात नाहीत, मग आकडा १.४ च्या वर जातो आणि लोक खूश होतात की वा, भरपूर आहे. तसं आलं तर अंगठ्याचं प्रेशर घ्यायला सांगा.

इतिहासाचा_तास

अवांतर करतो, मारू नका.

हृदय आधी की पाय आधी, या प्रश्नाचं उत्तर इतिहासाने देऊन ठेवलंय: पाय! शीर वापरून पायाचा लांब बायपास पॅरिसला जाँ कुन्लँने १९४८ ला केला, हृदयासाठी तीच पायाची शीर रेने फावालोरोने क्लीव्हलँडला वापरली ती १९६७ ला. फुग्याचंही (चिरफाड न करता नळीतून फुगा नेऊन धमनी आतून उघडायची) तेच. चार्ल्स डॉटरने १६ जानेवारी १९६४ ला एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची धमनी आतून नळी घालून उघडली. बाईंची बोटं काळी पडायला लागली होती, सर्जन म्हणत होते पाय कापू, बाई म्हणाल्या कापून देणार नाही. त्या पुढे स्वतःच्या पायांवर चालल्या. तरी अमेरिकेत कितीतरी सर्जनांनी डॉटरला वेड्यात काढलं. हृदयात फुगा गेला तो १९७७ ला झुरिकमध्ये, आंद्रेआस ग्रुंत्झिगच्या हातून, आणि त्यानेही आधी हात बसवला तो पायांच्या धमन्यांवरच.

नाव_नको_राव

म्हणजे हृदयाचे डॉक्टर पायाच्या डॉक्टरांच्या पावलावर पाऊल टाकून...

इतिहासाचा_तास

मी मुद्दाम तुमच्यासाठी सोडलं होतं.

निसर्गमित्र_खरा

चिरफाड कशाला करता? चिलेशन घ्या, सलाइनमधून औषध देतात आणि धमन्यांतला चुना धुऊन निघतो. दोन्हीकडचा एकदम. माझ्या ओळखीतले तीन जण घेतायत.

रात्रपाळी

@निसर्गमित्र, २०१३ च्या ट्रायलमध्ये थोडा फायदा दिसला होता, विशेषतः डायबिटीसवाल्यांत, म्हणून नेमके तेच पेशंट, डायबिटीस आणि आधी अटॅक आलेले, घेऊन पुन्हा मोठी ट्रायल केली. २०२४ ला निकाल आला, फायदा शून्य. आणि इथे अंगठ्याला जखम आहे, दिवस मोजून मिळतायत. असल्या पायाला चाळीस सलाइनं घेत बसलो तर धुऊन निघेल तो अंगठा.

निसर्गमित्र_खरा

तुम्हाला तुमची दुकानं चालवायची असतात. असो.

अर्धा_कप

माझ्या भावाला चालायचा व्यायाम दिला होता. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे. ऑपरेशन टळलं. हे नाही का चालणार?

भूल_देणारी

@अर्धा_कप, नुसती पोटरी भरून येत असेल तर हा उत्तम उपाय, औषधांच्या जोडीने सगळ्यात आधी तोच. पण जखम आणि रात्रीचं ठणकणं म्हणजे गाडी पुढच्या स्टेशनात गेलीय, आता चालून नाही, रक्त पोचवूनच भागेल.

आणि कोणी सिलोस्टाझोल सुचवण्याआधी सांगते, चालायचं अंतर वाढवायला ती गोळी देतात पण हृदयाचं पंपिंग कमजोर असून दम लागणाऱ्या पेशंटला चालत नाही. पायासाठी पायाच्या डॉक्टरने दिली आणि हृदयाच्या डॉक्टरला पत्ताच नाही, हे मी बघितलंय.

सावकाश_जा

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. उत्तरं देतो.

डावी मुख्य धमनी बरी आहे. तीन ब्लॉकपैकी पुढच्या धमनीतला ९० टक्के. पंपिंग ४५ टक्के. झोपेत दम नाही. जखमेला थोडा वास आहे, कल्चरला दिलंय. क्रिएटिनिन १.४.

आणि भूल_देणारी ताई, बीपी. घरच्या मशीनवर उजव्या हाताचं १४६ आलं, डाव्याचं ११२. वाटलं मशीन बिघडलं, सेल बदलले. पुन्हा तेच. शेजारच्यांचं मशीन आणलं. तेच. इतकी वर्षं बाबा डावा हात पुढे करतात कारण उजव्या हातात पेपर असतो. सगळे खूश, बीपी कंट्रोलमध्ये आहे म्हणून!! यात काही आहे का?

भूल_देणारी

आहे. उद्याच सर्जनना फोन करा, या धाग्याची वाट बघू नका.

सोप्या भाषेत: हृदयाच्या बायपासमधला सगळ्यात टिकाऊ जोड म्हणजे छातीच्या आतून जाणारी डावी मॅमरी धमनी, ती पुढच्या धमनीला जोडतात. पण ती निघते डाव्या हाताला जाणाऱ्या धमनीतून. हातात ३४ चा फरक म्हणजे त्या मुळाशीच अडथळा असू शकतो. न बघता जोडली तर हृदयाला रक्त कमी मिळेल, आणि हाताने काम करताना हातच हृदयाचं रक्त उलटं खेचेल. सीटी अँजिओ करतील.

दुसरी गोष्ट, सीटी काढतायच तर पोटापासून खालपर्यंत बघून घ्या. काही पेशंटमध्ये महाधमनी खाली बेंबीच्या आसपास बंद असते आणि पायाला रक्त पोचतं ते याच मॅमरीतून, पोटाच्या भिंतीतून फिरून. तिथे सर्जनने मॅमरी काढून हृदयाला दिली तर हृदय वाचतं आणि टेबलावर पाय पांढरा पडतो. बाबांचा ब्लॉक मांडीत आहे त्यामुळे बहुधा तसं नसेल, पण बघितलेलं बरं. शिवाय बायपासनंतर हृदयाला आधार लागला तर मांडीतून आधाराचा वेगळा फुगा वर सरकवतात, ती वाट मोकळी आहे का तेही आधी कळतं. मात्र क्रिएटिनिन १.४ आहे, आत्ताच अँजिओग्राफी झालीय, डायच्या (टोचायच्या रंगद्रव्याच्या) दोन तपासण्यांत किती दिवस ठेवायचे ते विचारा.

पोलादी_पंप

मी माझे शब्द मागे घेतो. आणि दोन्ही हातांचं बीपी घ्यायला चाललो.

भिंगरी७

घरातल्या सगळ्यांचं घेऊन झालं. नवऱ्याचा फरक २. तो म्हणतो मशीनचा अपमान करू नकोस.

कडूनिंब

एक विचारू का? एकाच भुलीत दोन्ही करायचं काय झालं? माझ्या मामांचं तसंच केलं होतं. एका टीमने छाती उघडली, त्याच वेळी दुसरी मांडीत. आठ तास. मामा वाचले, पण आठवडाभर व्हेंटिलेटर, किडनी दमली, तात्पुरतं डायलिसिस. मामी आजही म्हणते दोन वेळा झोपवलं असतं तरी चाललं असतं.

रात्रपाळी

@कडूनिंब, कधी कधी इलाज नसतो. हृदय वाट बघायला तयार नाही आणि पायही काळा-निळा पडतोय, तेव्हा एकत्र करावं लागतं. एरवी ऑपरेशन जितकं लांबतं, हार्ट-लंग मशीनवरचा वेळ जितका वाढतो, तितकं शरीर दमतं. दुसऱ्यांदा भूल वाचते हे खरं, पण भूल हा यातला सगळ्यात मोठा धोका नव्हेच.

पायासाठी अलीकडे दोन मोठ्या ट्रायल झाल्या. २०२२ च्या एकीत, चांगली लांब शीर असेल तर फुग्यापेक्षा बायपास सरस. २०२३ च्या दुसरीत, गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा केलेले सरस. सर्जन मंडळी आपापल्या आवडीची ट्रायल पाठ म्हणतात. पण ज्याच्या हृदयालाही शीर लागणार आहे त्याचा पाय फुग्याने जमत असेल तर एक शीर शिल्लक राहते, हा हिशोब कुठल्याच ट्रायलमध्ये सापडत नाही.

जुना_खेळाडू

आणि बाबांना कोणी विचारलं का? माझ्या वेळी घरच्यांनी व्हरांड्यात सगळं ठरवलं, मी आत पडून त्यांच्या सावल्या बघत होतो. त्यांना सांगा, आकृती काढून सांगा. तुमचं ठरलं की मला कळवा असं म्हणणारा माणूस घाबरलेला असतो.

सावकाश_जा

@जुना_खेळाडू, हे लागलं. खरंय.

सावकाश_जा

मंडळी, दोन महिन्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

सीटीत डाव्या हाताच्या धमनीत मुळाशी ७० टक्के अरुंद निघालं. महाधमनी मोकळी. मग दोन्ही सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ खरंच एका खोलीत बसले, बाबांना खुर्चीवर घेऊन. बाबांनी वही नेली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की शीर कोण घेणार. पायाचे सर्जन हसले, म्हणाले, हे तुम्हाला कोणी शिकवलं? (तेरडाताई, तुमचं नाव सांगता येईना.)

ठरलं ते असं. हृदय स्थिर आहे, जखमेत जंतू आहेत, आणि जंतू अंगात असताना छातीचं हाड उघडायला हृदयाचे सर्जनही राजी नव्हते. म्हणून आधी पाय, पण चिरफाड न करता, फक्त जांघेत जागा बधिर करून उजवीकडून नळी घालून डाव्या मांडीत फुगा. स्टेंट मुद्दाम टाळला, कारण स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवायची दुसरी गोळी जास्त दिवस चालू ठेवावी लागली असती आणि बायपासआधी ती पाच दिवस बंद ठेवावी लागते. बाबा पूर्ण वेळ जागे होते, आणि टेक्निशियनला बीपी कुठल्या हाताचं घेतोस म्हणून दोनदा टोकलं.

जखम सुकायला लागली तशी पाच आठवड्यांनी बायपास केला. उजवी मॅमरी पुढच्या धमनीला, बाकीच्या दोन जोडांना उजव्या पायातली शीर, दुर्बिणीने काढून. डाव्या पायाची शीर पायासाठी शिल्लक ठेवलीय, उद्या फुगा टिकला नाही तर लागेल म्हणून. सर्जननी तेही स्पष्ट सांगितलं, फुगा कायमचा नसतो, दर काही महिन्यांनी डॉपलर करत राहावं लागेल.

मधल्या पाच आठवड्यांत कोणालाच धड झोप नव्हती हे सांगायला हवं. रात्री बाबा कुशीवर वळले तरी आई उठून बसायची.

भूल_देणारी

उजव्या पायाची जखम आणि छातीचे टाके कसे आहेत? बीपीच्या गोळ्या उजव्या हाताच्या आकड्यावरून पुन्हा बसवून घेतल्या का?

सावकाश_जा

टाके छान. गोळी वाढवली. बाबा आता पेपर डाव्या हातात धरतात.

जुना_खेळाडू

आणि अंगठा?

सावकाश_जा

आहे. नख गेलं, तेवढंच.